पिकअपच्या टपावरील दिवे दर पावसाळ्यात बंद पडतात : दोष कोठे शोधावा आणि तो कायमचा कसा काढावा

मराठवाड्यातील मालवाहू पिकअपच्या टपावर, पुढच्या काचेच्या अगदी वर, पाच पिवळ्या दिव्यांची ओळ बसवून घेण्याची पद्धत आता सर्रास दिसते. जालन्याची मोसंबी, वसमतची हळद किंवा लातूरच्या आडतीवर जाणारे सोयाबीन घेऊन रात्री निघालेल्या गाडीची उंची आणि रुंदी समोरच्याला दुरूनच कळावी, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. विशेषतः ऊसतोडीच्या हंगामात, अरुंद रस्त्यावर समोरून उसाच्या ट्रॉल्या येत असतात तेव्हा, या दिव्यांचा खरा उपयोग जाणवतो. तक्रार मात्र दरवर्षी एकच येते. उन्हाळ्यात हौसेने बसवलेले दिवे मृगाच्या सरी पडल्या की एकेक करून बंद पडू लागतात, बंद पडलेला दिवा बदलला की काही दिवसांनी शेजारचा जातो, मध्येच पार्किंगच्या दिव्यांचा फ्यूज उडतो, आणि एखाद्या मोठ्या पावसात चालकाच्या मांडीवर पाण्याचे थेंब पडायला लागतात. मालक दुकानातून नवा दिवा आणतो, वायरमन तो जुन्याच छिद्रावर, जुन्याच वायरीला जोडून देतो, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच गाडी त्याच कामासाठी पुन्हा दारात उभी राहते.

असा काढलेला ‘खराब’ दिवा फेकून देण्याआधी थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावून पाहावा. तो बहुतेक वेळा व्यवस्थित लागतो. दोष दिव्यात नसून दोन ठिकाणी असतो : टपाच्या पत्र्याला पाडलेल्या छिद्रात, आणि दिव्याच्या अर्थिंगमध्ये, म्हणजे वीज दिव्यातून बॅटरीकडे परत जाण्याच्या वाटेत. ही दोन ठिकाणे नीट केल्याशिवाय दिवा कितीही महागाचा घेतला तरी तो टिकणार नाही, आणि ती नीट केली तर साधा दिवाही वर्षानुवर्षे चालतो.

लक्षणावरून दिशा कळते

हत्यारांना हात घालण्यापूर्वी दिवे नेमके केव्हा आणि कसे बंद पडतात, हे चालकाला सविस्तर विचारावे, कारण गाडी मालकाची असली तरी रात्री तिच्यात बसणारा चालकच असतो. फ्यूज केवळ पावसानंतर उडत असेल तर पाणी कोठल्यातरी उघड्या जोडापर्यंत पोहोचले आहे. कोरड्या रस्त्यावर, खड्ड्यात गाडी आदळल्यावर उडत असेल तर वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलली गेली आहे आणि हादऱ्याबरोबर ती पत्र्याला टेकते आहे. सगळे दिवे एकाच वेळी मंद झाले असतील तर सामाईक अर्थिंग किंवा सामाईक पुरवठा तपासावा. एकच दिवा मंद असेल तर त्या दिव्याचा स्वतःचा जोड किंवा होल्डर तपासावा. डावा इंडिकेटर लावल्यावर टपावरचे दिवे त्याच्याबरोबर लुकलुकत असतील, तर दोघांची अर्थ वायर एकच आहे आणि ती तुटलेली किंवा गंजलेली आहे, त्यामुळे विजेला परतीची वाट न मिळून ती दुसऱ्या दिव्यातून मार्ग काढते आहे, असे खुशाल समजावे.

एलईडी दिव्यांचे आणखी एक लक्षण मालकांना कोड्यात टाकते. स्विच बंद असतानाही दिवे काजव्यासारखे मिणमिणत राहतात. साध्या बल्बची तार तापायला बराच प्रवाह लागतो, पण एलईडी काही मिलिअँपिअरवरही उजळतो. म्हणून ओलसर स्विचमधून, रिलेच्या (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचच्या) गंजलेल्या पायांमधून किंवा ओल्या जोडातून झिरपणारा प्रवाह, जो बल्बच्या काळात कधी दिसलाच नसता, तो एलईडीमुळे दिसू लागतो. अशा वेळी दिवा बदलून काहीही होत नाही. ओल कोठे आहे ते शोधावे लागते.

काचेच्या आत धुके जमले म्हणून लगेच घाबरू नये. पहाटेच्या गारव्यात आलेले हलके धुके दिवा लावल्यावर थोड्या वेळात विरून जात असेल तर ते चालण्यासारखे आहे. दिव्याच्या तळाशी पाण्याची रेघ दिसत असेल, थेंब हलताना दिसत असतील, तर मात्र पाणी आत येते आहे.

अर्थिंग : सर्वांत जास्त दुर्लक्षित जागा

बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ दिव्यांना एकच वायर असते. परतीचा मार्ग म्हणून दिव्याचा धातूचा तळ आणि तो पत्र्याला पक्का करणारा स्क्रू यांवरच भिस्त ठेवलेली असते. कोरड्या दिवसात, नव्या स्क्रूवर हे चालते. परंतु पत्र्यावर रंग आहे, दिव्याखाली रबराची गादी आहे, त्यामुळे संपर्क होतो तो केवळ स्क्रूच्या आट्यांना जेवढा उघडा पत्रा लागतो तेवढाच. पाऊण मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला स्क्रूचा एखादाच आटा धरतो. तेथे पाणी गेले की गंज चढतो आणि गंज वीज धड वाहू देत नाही. दिवा कधी लागतो, कधी लागत नाही, टपावर थाप मारली की लागतो; हा सगळा खेळ त्या एका आट्याचा असतो.

अर्थिंग तपासण्याची योग्य रीत अशी की दिवे लावलेले असतानाच मोजमाप करावे. अनेक जण दिवा काढून, मोकळ्या वायरीवर मल्टिमीटर लावतात, त्यावर १२ व्होल्ट दिसतात आणि ‘करंट तर पूर्ण येतोय’ असा निष्कर्ष काढतात. मल्टिमीटर स्वतः जवळपास काहीच प्रवाह घेत नाही, म्हणून गंजलेल्या, एका धाग्यावर टिकून असलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसते. दिव्याचा भार पडला की तोच जोड कोसळतो. म्हणून इंजिन चालू ठेवावे, दिवे लावावेत, मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा, काळा प्रोब बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल प्रोब दिव्याच्या अर्थ वायरला किंवा धातूच्या तळाला लावावा. प्रोब टपापर्यंत पोहोचत नाही, म्हणून बॅटरीच्या ऋण टोकाला चिमट्याने एक लांब वायर लावून ती वर न्यावी. आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास असेल तर अर्थिंग उत्तम आहे. तो अर्धा व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाखवत असेल तर दोष सापडला. पुरवठ्याच्या बाजूलाही हीच चाचणी करावी : लाल प्रोब बॅटरीच्या धन टोकाला आणि काळा दिव्याच्या धन वायरला. येथेही अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा.

अर्ध्या-एक व्होल्टने काय बिघडते, असे वाटू शकते. पाच वॅटचे पाच बल्ब मिळून १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर घेतात. वाटेत एका ओहमचा गंजलेला जोड असला तर जवळपास २ व्होल्ट तेथेच खर्च होतात, आणि बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने घटत असल्यामुळे तो निम्म्यावर येतो. शिवाय खर्च झालेली ती वीज उष्णता होऊन त्या जोडालाच तापवत राहते.

यावर माझा ठाम सल्ला आहे : दिव्याला अर्थ वायर नसली तरी ती आपण जोडावी. पाचही दिव्यांच्या अर्थ वायरी एकत्र करून त्यांची एक सामाईक वायर पुढच्या काचेशेजारच्या खांबातून खाली आणावी आणि डॅशबोर्डखाली कंपनीने दिलेल्या अर्थिंगच्या बोल्टवर, दाबून बसवलेल्या थिंबलने (वायरीच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या कडीने), घट्ट करावी. नवी जागा निवडावी लागली तर रंग खरवडून पत्रा लख्ख करावा, दाताळ वॉशर घालावा, नट आवळावा आणि त्यानंतरच वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावावे. ग्रीस आधी लावून त्यावर थिंबल बसवू नये. टपाच्या स्क्रूचे काम दिवा धरून ठेवणे एवढेच राहू द्यावे.

टपाचे छिद्र

आता मुख्य गोष्ट. मराठवाड्यात पाऊस थोडा, मग त्याने एवढे नुकसान कसे होते, असा प्रश्न अनेक मालक विचारतात. त्याचे उत्तर उन्हाळ्यात आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असताना दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टपावर हात ठेववत नाही. पत्रा तापून फुगतो, रात्री आकसतो, आणि त्याला चिकटवलेले सीलंट रोज हा ताण सोसते. जे सीलंट वाळून कडक होते ते अशा दोन महिन्यांत कडेने सुटते. ते सुटल्याचे उन्हाळ्यात कोणाला कळत नाही, कारण केसाएवढ्या फटीतून ऊन आत येत नाही.

त्यानंतर वळवाचा किंवा मृगाचा पहिला पाऊस येतो, बहुधा दुपारनंतर, टप तापलेला असतानाच. दिव्याच्या आतली हवा गरम असते. तिच्यावर एकाएकी गार पाणी पडते आणि ती आकसते. ६० अंशांवरून २५ अंशांवर आलेली हवा आकारमानाने सुमारे १० टक्के घटते, आणि ती रिकामी जागा भरून काढण्यासाठी दिवा बाहेरचे जे काही मिळेल ते आत ओढतो. फटीच्या तोंडाशी पाणीच असल्यामुळे पाणी आत जाते. म्हणजे पाणी नुसते झिरपत नाही, ते शोषले जाते. संथ, गार, दिवसभर पडणाऱ्या पावसात जो दिवा कोरडा राहतो तो या एका सरीत भरतो, याचे कारण हेच आहे.

आत गेलेले पाणी तेथेच थांबत नाही. वायरीतील तांब्याचे बारीक धागे कंदिलाच्या वातीने रॉकेल ओढावे तसे पाणी आवरणाच्या आतून ओढत नेतात. वायर सोलल्यावर धागे लालसर चकचकीत दिसण्याऐवजी हिरवट-काळे दिसले आणि बोटांत भुगा झाला, तर पाणी तेथपर्यंत पोहोचले असे समजावे. चांगले तांबे लागेपर्यंत तेवढी वायर कापून टाकावी. काळ्या पडलेल्या तांब्यावर कथिल धरत नाही.

गळती शोधताना थेंब जेथे पडतो तेथे छिद्र शोधणे ही नेहमीची चूक आहे. पाणी डाव्या टोकाच्या दिव्यातून शिरते, टपाच्या आतल्या आडव्या पट्टीवरून सरकते आणि उजव्या खांबाशी टपकते. म्हणून टपाचे आतले अस्तर पुढच्या बाजूने खाली सोडावे, सर्व दिव्यांच्या कडा बाहेरून चिकटपट्टीने झाकाव्यात, आणि प्रत्येक छिद्राभोवती आतल्या बाजूने खडूची पूड किंवा टाल्कम पावडर लावावी. मग एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने नळीने साधे, दाब नसलेले पाणी सोडावे. उतरत्या बाजूने सुरुवात करून एकेका दिव्याची पट्टी काढत वर यावे, आणि प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे पाणी राहू द्यावे. कोरड्या पावडरीत ओली रेघ उमटली की जागा निश्चित झाली. या कामात घाई करू नये. पहिल्या दिव्यात गळती सापडली म्हणून उरलेले तपासणे सोडू नये, कारण जो कारागीर एक छिद्र कच्चे ठेवतो त्याने उरलेलीही बहुधा तशीच ठेवलेली असतात.

वॉशिंग सेंटरवर दिव्यांच्या कडांवर जवळून प्रेशरचा फवारा मारू देऊ नये. दिव्याच्या खोक्यावर ‘आयपी ६७’ लिहिलेले असले तरी त्या मानांकनाचा अर्थ धूळ आत न जाणे आणि १ मीटर खोल पाण्यात अर्धा तास तग धरणे एवढाच आहे. दाबाच्या फवाऱ्याची हमी त्यात नाही. आणि ते मानांकन दिव्याचे आहे, आपण पत्र्याला पाडलेल्या छिद्राचे नव्हे.

सापडलेले छिद्र दुरुस्त करताना जुन्या सीलंटवर नवे थापणे पूर्णपणे टाळावे. दिवा उतरवावा, जुने सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढावे, पत्र्यावरचा गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू दिसेपर्यंत काढावा. छिद्राची धार गोल कानशीने मऊ करावी, कारण वायर कापली जाते ती याच धारेवर. उघड्या पत्र्याला आतून-बाहेरून प्रायमरचे दोन हात द्यावेत आणि ते पूर्ण वाळू द्यावेत. छिद्रात पत्र्याच्या जाडीला बसणारा रबरी ग्रोमेट, म्हणजे छिद्राची धार झाकणारी कडी, घालावा. ग्रोमेटची खाच सैल असेल तर तो हादऱ्यांनी निघून जातो आणि आपण सुरुवातीच्या जागी येतो. त्यानंतर जागा थिनरने पुसून घ्यावी. आपल्याकडची काळ्या मातीची आणि कापसाच्या हंगामातली धूळ इतकी बारीक असते की स्वच्छ दिसणाऱ्या पत्र्यावरून पांढरे फडके फिरवले तरी ते काळे होते, आणि धुळीवर लावलेले सीलंट धुळीलाच चिकटते.

सीलंट कोणते घ्यावे? वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे स्वस्त सिलिकॉन येथे वापरू नये. त्यातून सुटणारे आम्ल पत्र्याला आणि तांब्याला गंजवते. न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन किंवा गाड्यांच्या बॉडीसाठी मिळणारे पॉलियुरेथेन सीलंट घ्यावे, जे वाळल्यावरही रबरासारखे लवचिक राहते. दोन भाग मळून लावायची पुट्टी दगडासारखी कडक होते आणि पत्रा हलला की तडकते. डांबरी पट्टी मे महिन्यात पातळ होऊन ओघळते. दोन्ही टाळाव्यात. सीलंट सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर, पत्रा हाताला गार लागत असताना लावावे. दिव्याच्या तळाभोवती सलग वळी द्यावी, मात्र मागच्या, खालच्या बाजूला दिव्याला श्वास घेण्यासाठी दिलेले बारीक भोक असेल तर ते बुजवू नये. ते भोक बुजवले की दिवा आपल्या काचेच्या कडेतून पाणी ओढतो. स्क्रू आधी हलके आवळावेत, सीलंट थोडे घट्ट झाल्यावर शेवटचा पाऊण वेढा द्यावा. आधीच पूर्ण आवळले तर सगळे सीलंट बाहेर दाबले जाते आणि गादीखाली काहीच उरत नाही.

टपाच्या पत्र्याला उभ्या नळ्या, म्हणजे वर उठवलेल्या लांबट घड्या, असतात, आणि दिव्याचा तळ सपाट असतो. नळीवर आणि खोलगट भागावर मिळून बसवलेल्या दिव्याखाली दोन्ही बाजूंना पोकळी राहते. नवे छिद्र पाडायचेच असेल तर ते नळीच्या उंच भागावर पाडावे, कारण खोलगट भागात पाणी साचून राहते. छिद्र पाडताना निघालेला लोखंडी कीस लगेच चुंबकाने उचलावा. तो टपावर राहिला तर एका रात्रीच्या ओलाव्यात रंगावर तांबडे ठिपके उमटतात आणि तेथून गंज सुरू होतो.

दुरुस्ती चांगली असूनही दिवे गळत असतील तर टपावर कोण चढते, ते पाहावे. माल भरल्यावर दोर आवळण्यासाठी हमाल केबिनच्या टपावर उभे राहतात, पत्रा दबतो, उसळतो आणि सीलंटची पकड सुटते. दोर थेट दिव्यांवरून जात असेल तर दिवा मुळासकट हलतो. यावर सीलंट हा उपाय नाही. दोराची वाट बदलणे आणि चढण्यासाठी मागच्या हौद्याची जाळी वापरणे, हाच उपाय आहे.

छिद्रे कमी करता येतील का

अमेरिकेत, जेथून ही पाच दिव्यांची रचना आली, तेथील नियम ८० इंच, म्हणजे सुमारे २.०३ मीटर, किंवा त्याहून रुंद वाहनांना लागू आहे : दोन कडांना रुंदी दाखवणारे दोन दिवे आणि मध्यभागी ६ ते १२ इंचांच्या अंतरावर तीन, असे पुढच्या बाजूला पाच पिवळे दिवे. आपल्याकडचे छोटे पिकअप एवढे रुंद नसतात. त्यांना दोन कडांचे दोन दिवेही पुरतात, आणि तीन छिद्रे वाचतात. टपावर आधीच लोखंडी कॅरिअर असेल तर माझ्या मते पत्र्याला हातच लावू नये. कॅरिअरच्या पाइपवर पट्टी वेल्ड करून दिवे तिच्यावर बसवावेत आणि एकच केबल, खाली झोल देऊन, आत आणावी. झोल यासाठी की केबलवरून वाहणारे पाणी छिद्रात शिरण्याआधीच सर्वांत खालच्या बिंदूवरून टपकून जाते.

त्या वेल्डिंगच्या वेळी बॅटरीचे ऋण टोक सोडून ठेवावे आणि वेल्डिंगची अर्थ क्लँप कामाच्या जागेजवळच लावावी. एवढे न केल्यामुळे नवे एलईडी दिवे पहिल्याच दिवशी गेल्याच्या आणि नव्या गाड्यांमध्ये त्याहून महाग सुटे भाग गेल्याच्या तक्रारी येतात.

वायर, फ्यूज आणि व्होल्टेज

एलईडीचे पाच दिवे मिळून बहुधा एका अँपिअरच्या आतच प्रवाह घेतात. त्यांच्यासाठी १ चौरस मिलिमीटरची वायर आणि ३ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज पुरेसा आहे, आणि रिले घालण्याची गरज नाही. प्रत्येक जादा जोड ही गंजायला मिळालेली आणखी एक जागा असते. बल्बचे दिवे असतील तर मात्र पार्किंगच्या स्विचवर दोन अँपिअर जादा भार टाकण्याऐवजी रिले लावावा आणि त्याच्या पायांवर छापलेल्या आकड्यांप्रमाणे जोडावा : ८६ ला पार्किंगची वायर, ८५ ला अर्थ, ३० ला बॅटरीकडून ५ अँपिअरच्या फ्यूजमधून आलेली वायर आणि ८७ वरून दिव्यांकडे. फ्यूज बॅटरीच्या जवळ असावा, कारण फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधली वायर पत्र्याला टेकली तर तिला वाचवणारे काहीच नसते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे हे गाडीला आग लावण्याला आमंत्रण आहे. असे कोणी करून दिले असेल तर दिव्यांचे काम बाजूला ठेवून आधी ते काढावे. नव्या गाड्यांमध्ये पार्किंगचे दिवे नियंत्रण करणाऱ्या संगणकावरून चालत असतील तर त्या वायरीला टोचण्यापूर्वी कंपनीचा वायरिंगचा नकाशा पाहावा.

वायर सोलून, पीळ मारून, वरून काळी टेप गुंडाळण्याची रीत टपाखाली चालत नाही. मे महिन्यात टेपचा गोंद वितळतो, टेप सुटून लोंबते आणि उघडा जोड अस्तराच्या आत राहतो. जोड कथिलाने पक्का करावा किंवा योग्य पक्कडीने दाबावा, आणि त्यावर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आकसणारी हीट श्रिंक नळी तापवून बसवावी. खांबातून वायर नेताना पट्ट्यांनी जागोजाग बांधावी. धान्याचा माल वाहणाऱ्या गाडीत उंदीर असतातच, म्हणून ती प्लास्टिकच्या लवचिक पाइपातून न्यावी. खांबाच्या आच्छादनावर एअरबॅगची खूण असेल तर त्या खांबातून वायर ओढण्याचे काम स्वतः करू नये.

दिवे पहिल्या दिवसापासून मंद असतील तर त्यांच्यावरचा छाप वाचावा. ट्रकच्या सजावटीच्या दुकानात २४ व्होल्टचे दिवे ठेवलेले असतात, आणि १२ व्होल्टच्या पिकअपवर ते लागतात खरे, पण मरगळलेले. उलट दिवे फार प्रखर लागून लवकर जात असतील तर इंजिन चालू असताना बॅटरीवर व्होल्टेज मोजावे. ते साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान हवे. १५ च्या वर जात असेल तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडला आहे.

रंगाबाबत मालकाला स्पष्ट सांगावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मालवाहू गाडीने समोरच्या बाजूला लाल दिवा दाखवायचा नाही, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतील बदलांवर मर्यादा घातलेल्या आहेत. तेव्हा डोळे दिपवणारे, रंग बदलणारे, लुकलुकणारे दिवे टपावर लावून देण्याची मागणी आली तर ती नाकारावी. समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला रस्ता दिसेनासा करणारा दिवा लावून देणे कोणत्याही कारागिराला शोभत नाही.

पाणी खांबातून उतरून फ्यूज बॉक्सपर्यंत पोहोचलेले असेल तर दिव्यांची दुरुस्ती पूर्ण झाली तरी काम संपत नाही. बॅटरीचे टोक सोडून फ्यूज बॉक्स उघडावा, फ्यूज एकेक करून काढून त्यांच्या पात्यांवर पांढरी-हिरवी बुरशी आली आहे का ते पाहावे, कॉन्टॅक्ट क्लीनरने जागा साफ करावी आणि पूर्ण वाळल्यावरच जोडणी करावी. पायाखालची मॅटही उचलून पाहावी, कारण तिच्याखाली साचलेले पाणी आठवडे आठवडे तसेच राहते आणि तळाचा पत्रा खाते.

टपाचे अस्तर मात्र लगेच बंद करू नये. सीलंट वाळल्यावर नळीने पाणी सोडून पुन्हा तपासावे, आणि शक्य असेल तर दुपारी तापलेल्या टपावर गार पाणी ओतूनही पाहावे, कारण खरी परीक्षा तीच आहे. अस्तर दोन क्लिपांवर तात्पुरते अडकवून गाडी मालकाच्या ताब्यात द्यावी, एक जोराचा पाऊस आणि माल भरून एक फेरी होऊ द्यावी, आणि त्यानंतर छिद्रांभोवतीची पावडर कोरडी दिसली तरच उरलेल्या क्लिपा बसवाव्यात.